शाळेला टीव्ही आलाय, पण वरची चादर काढायला धीर होईना

चौथीपाचवीची बाई (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा)

सगळ्यांना नमस्कार. पोस्ट लांबलचक झालीय. एका बोटाने मोबाईलवर लिहायला मला दीड दिवस लागलाय, तुम्ही दहा मिनिटं काढून वाचा की.

आमची शाळा जांबोटीहून आत. सरकारी मराठी, पहिली ते पाचवी, पोरं तेवीस. शिकवणाऱ्या दोघी, मी आणि एक अतिथी शिक्षिका. माझी नोकरी बावीस वर्षांची. खडू, फळा, चिंचोके आणि नली-कलीची कार्डं (गटागटानं खेळत शिकायची आमच्याकडची पद्धत) एवढ्यावर निभावलं आजवर.

यंदा गणपतीला मुंबई-गोव्याकडची गावची पोरं आली आणि त्यांनी वर्गणी काढून शाळेला त्रेचाळीस इंची स्मार्ट टीव्ही दिला. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा समितीच्या, अध्यक्षांनी रिमोट दाबला, कसलीशी आरती लागली, टाळ्या झाल्या. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. त्याला आता तीन आठवडे झाले. टीव्ही आहे तिथंच आहे, माझ्या रुखवतातल्या क्रोशाच्या चादरीखाली. रोज सकाळी पोरं विचारतात, "बाई, आज टीव्ही लावतासा?" मी म्हणते, उद्या.

नेट शाळेत येत नाही. येतं ते मागच्या टेकाडावर, काजूच्या झाडाखाली. बिसी ऊटाची, म्हणजे दुपारच्या जेवणाची, संख्या कळवायची असली की मी तिथं जाऊन उभी. एका हातात छत्री, एका हातात मोबाईल. गावात मला "काजूखालची बाई" म्हणायला लागलेत, ते वेगळंच.

एक खरं सांगते, इथं मला कोण ओळखत नाही म्हणून. कोरोनाच्या वेळी ते ऑनलाइन ट्रेनिंग आलं होतं, निष्ठा, अठरा मॉड्यूलचं. माझी बरीचशी माझ्या मुलानं पूर्ण केली, तो तेव्हा बारावीला होता. सर्टिफिकेटं माझ्या नावाची, फाईलला लावलेली. नंतर एका प्रत्यक्ष प्रशिक्षणालाही गेले. चाळीस जण, कॉम्प्युटर बारा. ज्याच्या हातात माऊस तो शिकला, बाकीच्यांनी मान उंच करून बघितलं. बोलणं सगळं कन्नडमध्ये होतं, त्याची माझी तक्रार नाही. कन्नड मला येतं. माऊस आला नाही.

एकदा चादर काढली होती. रविवारी खानापूरला बाजाराला गेले तेव्हा स्टँडवर बसून पाण्याच्या चक्राचा एक व्हिडिओ उतरवला, मुलाला विचारून विचारून पेन ड्राइव्हवर घेतला. सोमवारी लावला तर स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली की ही फाईल चालत नाही. तेवीस पोरं त्या ओळीकडं देवासमोर बसल्यासारखी गप बसून बघत होती. शेवटी तिसरीतली एक म्हणाली, "बाई, बिघडला काय?" मी बंद केला. दिवसभर पोटात गोळा. डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, माझ्या सहीनं चढवलाय तो.

आता माझे प्रश्न. नेट नसताना आमच्या पोरांना कळेल असं मराठी काहीतरी टीव्हीवर कसं आणायचं? पाच इयत्ता एका खोलीत असताना एक टीव्ही कुणाला लावायचा? आणि तिसरं, टीव्हीशी याचा संबंध नाही, पण मला मराठी टायपिंग शिकायचंय. प्रश्नपत्रिका मी हातानं लिहून झेरॉक्स काढते. एकदा दुकानात टाइप करून घेतली आणि शेजारच्या शाळेच्या बाईंना पाठवली, तर त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळी गिचमीड इंग्रजी अक्षरं आणि कंस. मुलाचा जुना लॅपटॉप घरात पडून आहे, विंडोज दहाचा. माझं वय सत्तेचाळीस. आता जमेल काय, तेही सांगा. उगाच "जमेल जमेल" म्हणू नका.


वायरिंगवाला (बेळगाव)

बाई, तुमच्या तिन्ही प्रश्नांतलं मला कळत नाही, पण चौथा तुम्ही विचारला नाही तो सांगतो. शाळेला अर्थिंग आहे काय बघा. जुन्या शाळांत तीन भोकांचा सॉकेट असतो, आणि तिसऱ्या भोकात वायरच नसते. गावातल्या वायरमनला बोलवा, तपासायला त्याला पाच मिनिटं लागतील. व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या, टीव्ही देणाऱ्या पोरांकडूनच मागा, एवढं दिलं ते तेवढंही देतील.

परतीचा पाऊस सुरू होईल आता. ढग गडगडला की नुसता रिमोटनं बंद करू नका, प्लगच काढा. डिश जोडली असेल तर तिचीही वायर काढा, वीज तिच्यातूनही येते.

आणि ती चादर. टीव्ही चालू असताना अंगावर ठेवू नका, मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायला पाहिजे. तुमच्याकडच्या ओलाव्यात वस्तू झाकून ठेवल्यानं टिकत नाही, रोज थोडी चालवल्यानं टिकते.


निवृत्त गुरुजी (कडोली)

बाई, तुमची चादर वाचून मला आमचं स्टीलचं कपाट आठवलं.

१९८७ ला खडू-फळा योजना आली. ऑपरेशन ब्लॅकबोर्ड. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायच्या साहित्याची पेटी. आमच्या शाळेला ती पेटी आली तेव्हा मी नवीन होतो. पृथ्वीचा गोल, लोहचुंबक, भिंग, नकाशे, गणिताचे ठोकळे. हेडमास्तरांनी सगळं मोजून घेतलं, रजिस्टरला चढवलं आणि कपाटात घालून किल्ली जानव्याला बांधली. फुटलं तर पगारातून जाईल, ही भीती. मी पाच वर्षं पृथ्वी नारळावर शिकवली आणि खरा गोल दोन फुटांवर कपाटात. इन्स्पेक्शनला बाहेर निघायचा, पुसायचा, परत आत.

हेडमास्तर रिटायर झाले, चार्ज माझ्याकडं आला, कपाट उघडलं. चुंबकाचं चुंबकपण गेलेलं, नकाशाला वाळवी, गोलाचा दक्षिण ध्रुव उंदरानं खाल्लेला. एकाही पोराचा हात न लागता.

ते सगळं मी निर्लेखनात काढलं. पगारातून एक पैसा कापला नाही. साहित्य वापरून मोडलं तर कागदावर दाखवायची रीत तेव्हाही होती, आताही असेल. तेव्हा रजिस्टरची भीती सोडा. बाकी टीव्हीचं मला विचारू नका, आमच्या घरी रिमोट नातवाकडं असतो.


सायन्स मास्तर (निपाणी)

बाई, आधी पोटातला गोळा काढतो. तुमचा टीव्ही बिघडलेला नव्हता. फाईलच्या नावापुढं एमपी४ असलं तरी आत चित्र दाबून बसवायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. एच २६४ नावाची जुनी पद्धत जवळजवळ सगळे टीव्ही वाचतात, एच २६५ सगळे वाचत नाहीत. कधी गडबड पेन ड्राइव्हच्या फॉरमॅटची असते. तो लॅपटॉपला लावून फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करून घ्या, त्यातलं आधी दुसरीकडं काढून ठेवा, नाहीतर सगळं पुसलं जाईल. मी स्वतः एकदा दहावीच्या पूर्ण वर्गापुढं असाच उभा राहिलोय, त्यात विषय "विद्युत". पोरं हसून हसून बेजार.

नेट नसताना काय करायचं. दीक्षा हे सरकारचं शिक्षणाचं ॲप घरी किंवा खानापुरात उघडा, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करा, मिळेल ते डाउनलोड करून ठेवा, मग नेटशिवाय मोबाईलवर चालतं. पण एक गोम आहे. ते उतरवलेलं ॲपच्या पोटातच राहतं, पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावलं तर टीव्हीला ओळख पटत नाही. म्हणून मोबाईलची स्क्रीनच टीव्हीवर न्यायची. सेटिंगमध्ये कास्ट किंवा स्क्रीन मिररिंग असं काहीतरी दिसेल. बऱ्याच फोनमध्ये ही सोय असते आणि तिला इंटरनेट लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट एकमेकांना पकडतात. लोकांना वाटतं वायफाय म्हणजे इंटरनेट. तसं नाही. तुमच्या फोनला नाही जमलं तर लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल, ते कुठंच अडत नाही.

ॲपमध्ये बोर्ड बदलता येतो. महाराष्ट्र निवडलं की बालभारतीच्या पुस्तकांवरचं मराठी साहित्य दिसतं. आपला अभ्यासक्रम वेगळा, धड्यांचा क्रम वेगळा, पण अपूर्णांक बेळगावात एक आणि कोल्हापुरात एक असे नसतात. फक्त आधी घरी बघून घ्या. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "एकवीस" बरोबर "वीस एक" असं संख्यावाचन आलं होतं, त्यावरून बरीच चर्चाही झाली. आमच्या भाचीला मी तसला व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, मामा, हा माणूस मोजायला चुकूलाय.

हायस्कूलवाल्यांसाठी कोअर म्हणून वेबसाइट आहे, कर्नाटकातल्या शिक्षकांनी मिळून भरलेली, कन्नड आणि इंग्रजीत. "विषय शिक्षक वेदिके", म्हणजे विषयशिक्षकांचा मंच, सुरू झालं तेव्हापासून आमच्यातले काहीजण तिथलं घेतात आणि मराठीत करून वापरतात. परवाना मुक्त आहे, चोरी नव्हे. आणि फेट नावाचे विज्ञान-गणिताचे खेळ मराठीत मिळतात. एकेक फाईल लॅपटॉपवर उतरवून ठेवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. चौथी-पाचवीला अपूर्णांकांचा खेळ बघा.

आता टायपिंग. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हाच माझा जिव्हाळ्याचा विषय.

तुमची प्रश्नपत्रिका गिचमीड झाली कारण दुकानात युनिकोडच्या आधीचा फॉन्ट वापरला असणार. त्यात खरं अक्षर इंग्रजीच असतं, वर मराठीचा मुखवटा. ज्याच्या कॉम्प्युटरला तो मुखवटा नाही त्याला खालचं इंग्रजी दिसतं. युनिकोडमध्ये क म्हणजे क, कुठंही पाठवा. तुमच्या विंडोज दहामध्ये मराठी आहेच. सेटिंगमध्ये भाषेत जाऊन मराठी जोडा. २०१९ पासूनच्या आवृत्तीत इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्डही येतो, त्यानं लगेच सुरुवात होते. पण माझं ऐकाल तर इनस्क्रिप्ट नावाचा कीबोर्ड शिका.

का, तर आपण सीमेवर आहोत. इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा क ज्या बटणावर, कन्नडचाही क त्याच बटणावर. ग, त, न, म, सगळं तेच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. एकदा बोटं बसली की वरची भाषा बदलायची, बोटं तीच. मला प्रश्नपत्रिका मराठीत आणि अहवाल कन्नडमध्ये लागतो, तुम्हालाही लागतच असणार. पुण्याच्या माणसाला हा फायदा नाही, आपल्याला आहे. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ जास्तीचे आहेत, तेवढी दोन बटणं वेगळी शिकायची.

"बेळगाव" असं लिहा: वाय, एस, शिफ्ट धरून एन, आय, ई, बी. हे सहा ठोके रोज वीस वेळा. मग गावाचं नाव, मग पोरांची नावं हजेरीवरून. तेवीस नावं तीन वेळा लिहिलीत की अर्धा कीबोर्ड आला. मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकलो. "जमेल" म्हणत नाही. महिना लागतो, आणि पहिला आठवडा फार वाईट जातो, एवढंच म्हणतो.


चौथीपाचवीची बाई

गुरुजी, नारळाची पृथ्वी वाचून रडू आलं आणि हसूही. सर, बेळगाव आलं! खानापूर लिहिताना ख कुठं ते सापडत नाही.


सायन्स मास्तर (निपाणी)

क च्याच बटणावर, शिफ्ट धरून. ग वर शिफ्ट धरलं की घ. महाप्राण सगळे असेच वरच्या मजल्यावर राहतात.


बोलणारी तायम्मा (बेळगाव तालुका)

मी पण प्राथमिकला आहे, येळ्ळूरच्या बाजूला. दुसऱ्या प्रश्नाचं कुणीच बोललं नाही, पाच इयत्ता आणि एक टीव्ही, म्हणून लिहिते.

बाई, पूर्ण वर्गाला पूर्ण व्हिडिओ लावू नका. आम्ही केलं ते आधी. पोरं शांत बसतात, आपल्याला वाटतं शिकूलीत. बंद केल्यावर विचारलं तर गाणं आठवतं, धडा नाही. तुम्ही नली-कली घेता ना? मग गट तुमच्याकडं आयतेच आहेत. एक गट टीव्हीशी, बाकीचे आपापल्या कार्डांवर, दहा मिनिटांनी बदल. व्हिडिओ दोन मिनिटं, मग थांबवायचा आणि "आता पुढं काय होईल?" विचारायचं. रिमोटवरचं सगळ्यात महत्त्वाचं बटण थांबवायचं.

दुसरी युक्ती माझी आवडती, तिला ना नेट लागतं ना व्हिडिओ. मोबाईल टीव्हीला जोडा आणि फक्त कॅमेरा उघडा. दोन बाजूंना चार चार विटा, वर फळी, फळीच्या टोकाला मोबाईल आडवा, कॅमेऱ्याचं भोक खाली. खाली पाटी ठेवा. पोरगं पाटीवर लिहील ते टीव्हीवर हाताएवढं मोठं दिसतं. फळ्याजवळ यायला लाजणारी पोरंही पाटीवर लिहायला लाजत नाहीत.

एकच सांगते, पोरांचे चेहरे काढून स्टेटसला, ग्रुपला टाकू नका. हात आणि पाटी पुरे. आमच्याकडं एका आईनं विचारलं होतं, माझ्या लेकीचा फोटो कुठं कुठं गेलाय म्हणून. आमच्याकडं उत्तर नव्हतं.


चौथीपाचवीची बाई

दिवाळी झाली, सुगी निम्मी झाली, आता लिहितेय. आणि हे लॅपटॉपवर लिहितेय बरं काय, इनस्क्रिप्टनं. अजून ळ ला बोट थांबतं.

सगळ्यात आधी एक लाजिरवाणी गोष्ट. सायन्स सरांनी सांगितलं तसं मी कास्ट, मिररिंग काय ते शोधत बसले होते, अर्धा तास. आमची अतिथी शिक्षिका, चोवीस वर्षांची पोरगी, दारात उभी राहून बघत होती. हळूच म्हणाली, "बाई, द्या इकडं." दोन ठिकाणी बोट लावलं आणि माझा मोबाईल टीव्हीवर! मी म्हटलं, अगं तुला येत होतं तर तीन आठवडे गप का बसलीस? तर म्हणते, "तुम्ही विचारलंच नाही की. आणि टीव्ही तुमच्या नावावर." मला काय बोलावं सुचेना. तिचा पगार माझ्या पगाराच्या पावही नाही, आणि शाळेतलं सगळ्यात जास्त येतंय ते तिला. आता रोज साडेचार ते पाच ती माझी बाई आणि मी विद्यार्थिनी. चुकले की माझ्याच आवाजात ओरडते, "लक्ष कुठं आहे?"

वायरिंगवाले भाऊ, अर्थिंग नव्हतंच. तुम्ही म्हणालात तसं तिसरं भोक नुसतं शोभेचं. गावातल्या पोरानं मागच्या बाजूला खड्डा काढून मीठ-कोळसा घालून करून दिलं, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

आता पाटीचं. तायम्मा, तुमच्या विटांनी मला जे दाखवलं ते लिहायलाच मी आलेय.

वजाबाकी चालली होती चौथीची. ४०३ मधून १५७. आमच्या वर्गात एक पोरगा आहे, वही नेहमी छातीशी धरून बसतो, उत्तर चुकलेलं असतंच. मी बावीस वर्षं अशा वह्यांवर लाल फुली मारून खाली बरोबर उत्तर लिहीत आलेय. त्याला पाटी घेऊन विटांमध्ये बसवला. टीव्हीवर फक्त त्याचा हात आणि पेन्सिल. लिहायला लागला. तीन आणि सातपाशी आला, पेन्सिल थांबली, मग चार लिहिलं. शून्य आणि पाच, पाच लिहिलं. चार आणि एक, तीन. उत्तर ३५४.

मी तोंड उघडणार तेवढ्यात दिसलं. तो मोठ्यातून लहान वजा करतोय. खाली असो वर असो, सातातून तीन गेले चार. त्याच्या डोक्यात वजाबाकी म्हणजे तेवढंच. आणि पेन्सिल थांबली होती ती नेमकी तिथंच, म्हणजे त्यालाही तिथं काहीतरी खटकत होतं. वहीत हे कधी दिसलंच नसतं, वहीत नुसतं ३५४ दिसतं.

मागून पाचवीतली एक म्हणाली, "अरे तीनला सात देता येईनात, मग शेजारी माग की." हा म्हणाला, "शेजारी शून्य आहे, त्याच्याकडं काय आहे?" सगळा वर्ग गप. मग तिसरीतली ती, "बिघडला काय" विचारणारी, तिचा हा धडाही नाही, ती म्हणते, "शून्यानं आधी चारकडून उसनं आणायचं, मग ह्याला द्यायचं. आमची आई तशीच साखर आणती." त्यानं चारचे तीन केले, शून्याचे दहा, दहाचे नऊ, तीनचे तेरा. दोनशे सेहेचाळीस. टीव्हीवर ते सहा उमटताना पोरं ओरडली, क्रिकेटला ओरडतात तशी.

मी ते घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, यात टीव्हीचं काय, हे पाटीवर पण झालं असतं. झालं असतं. पण बावीस वर्षांत झालं नव्हतं.

व्हिडिओ आम्ही फार लावत नाही. आठवड्याला दोन, तायम्मांच्या पद्धतीनं थांबवत थांबवत. त्यापेक्षा पोरांनी स्वतः केलेलं जास्त चालतं. सुगीचे चौदा फोटो काढले पाचवीच्या पोरांनी माझ्या मोबाईलवर, कापणी, भारे, उडवी, खळं, मळणी. प्रत्येक फोटोला आपल्या आवाजात दोन वाक्यं. मी म्हटलं, पुस्तकात गंजी म्हणतात, तर एकजण म्हणाला, "म्हणू देत, हिला उडवीच म्हणतात." ठेवलं तसंच. फोन ती बोलणी लिहून देतो म्हणे, मी टेकाडावर जाऊन करून बघितलं, तर "भात वाळूलंय" च्या जागी "भात वाळूला आहे" असं काहीतरी आलं. पोरं पोट धरून हसली. शेवटी सगळी वाक्यं मी हातानं टाइप केली, तेवढा सराव झाला.

प्रश्नपत्रिकाही टाइप केली, सहामाहीची नाही झाली, घटक चाचणीची झाली. शेजारच्या शाळेच्या बाईंना पाठवली. त्यांचा फोन आला, "अक्षरं दिसूलीत ओ!" कन्नड अहवाल तीन ओळी लिहिला, तेव्हा बोटं खरंच तिथंच गेली. सर, हे तुम्ही आधी कधी भेटला असता तर.

सगळं गोड आहे असं नाही. चालू तासाला मोबाईल टीव्हीला लावलेला असतो आणि तेवढ्यात कुठूनतरी रेंजचा एक दांडा येतो आणि नणंदेचा मेसेज सगळ्या वर्गाला दिसतो. एकदा तर पोरांनी मोठ्यानं वाचून दाखवला. टाकाऊच होता, पण तरी. वीज गेली की सगळं जिथल्या तिथं, आणि ती आठवड्याला तीनदा जाते. पहिलीच्या दोघांना अजून टीव्ही म्हणजे कार्टून, ते लावलं नाही की रडतात.


निवृत्त गुरुजी (कडोली)

साखरेचं उदाहरण मी चाळीस वर्षांत दिलं नाही. त्या पोरीला माझ्याकडून एक पेन.

बाई, मेसेजचं नातवाला विचारलं. फोनचं विमान मोड लावा आणि नुसतं वायफाय परत सुरू करा म्हणतो. टीव्ही जोडलेला राहतो, नणंद बाहेर राहते.


चौथीपाचवीची बाई

गुरुजी, नातवाला दोन पेनं.

आणखी एक. मिररिंगला पेन्सिल चालते तिथं टीव्हीवर जराशी उशिरा दिसते, पोरांचं लक्ष आधी पाटीवर मग टीव्हीवर असं होतं. मुलगा म्हणतो जुना वेबकॅम आहे, तो लॅपटॉपला आणि लॅपटॉप केबलनं टीव्हीला. केबल किती लांब घेऊ? दुकानदार दीड मीटरची देतोय.


सायन्स मास्तर (निपाणी)

दीड नको. टीव्हीला चिकटून बसून शिकवावं लागेल. पाच घ्या.


वायरिंगवाला (बेळगाव)

पाचच. आणि भिंतीनं दारावरून फिरवून आणा, जमिनीवरून नको. पोरांच्या पायात आली तर लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही एकदम खाली.